वादीचा उजवा काठ

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४. मस्कत

पोचले. ऑफिस गाला नावाच्या भागात – एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान, मध्ये आम्ही रेल्वेवाले. प्रोजेक्ट मॅनेजर रमण चेन्नईचा आहे. हिंदीत सुरू करतो, इंग्रजीत संपवतो. माझं काम त्याने चहा संपायच्या आत सांगितलं. मालगाडीची नवी लाइन इब्राजवळ एका वादीच्या काठाने जाणार. वादी म्हणजे कोरडी नदी – एरवी नुसते गोटे, पाऊस झाला की अंगावर येते. लाइन डाव्या काठाने न्यायची की उजव्या, ते मी सांगायचं.

"डावीकडे डोंगर आहे, बोगदा लागेल. उजवीकडे खजुराची शेती," म्हणाला.

"आणि माणसं?"

"माणसं सगळीकडे असतात, विद्याजी."

गुरुवार, १० ऑक्टोबर. इब्रा

रेस्ट हाउस बरं आहे. पाणी खारट. ड्रायव्हर रशीद श्रीवर्धनचा निघाला – तेवढीच मराठी. दिवसभर डाव्या काठावर ड्रिलिंग. दगड वरून छान दिसतो, आतून कुजका. निदान पहिल्या बोअरमध्ये तरी.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज एक गंमत झाली. उजव्या काठावर सर्व्हे चालू होता. खजुराची दाट बाग, मधून फलज वाहतो – दगडी पाट, डोंगरातून गावात पाणी आणणारा. पाटाच्या कडेला चक्क अळू! मोठी, काळ्या देठांची पानं. मी रशीदला म्हटलं, "अरे, हे तर वडीचं अळू."

मागून आवाज आला, "वडीचंच ता. तू कुठची गो?"

काळा अबाया, हातात विळा, साठीच्या पुढची बाई. पुण्याची म्हटल्यावर जरा हिरमुसली, पण उमेदीची वर्षं रत्नागिरीत काढली म्हटल्यावर हात धरून ओट्यावर बसवलं. नाव कुलसुम. माहेर दाभोळच्या खाडीकाठी. चाळीस-एक वर्षांपूर्वी इथल्या माणसाशी लग्न होऊन आली. नवरा गेला, बाग राहिली. मुलगी सफूरा इथल्याच शाळेत शिकवते.

"मुलीला मराठी थोडी येते, पण ती अरबीत उत्तर देते," म्हणाली. "रशीद येतो तो पण घाईत. माज्याशी बसून बोलणारं कोणी नाय."

मी काय करते ते विचारलं. रेल्वेची इंजिनिअर, वादी बघायला आले, म्हटलं. "बघ, बघ," म्हणाली. जाताना अळू दिलं. रेस्ट हाउसमध्ये त्याचं काय करणार? पण घेतलं.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सुट्टी. आपांकडे जेवले. (कुलसुमना सगळे आपा म्हणतात, मीही म्हणायला लागले.) सुरमईचं सार, तांदळाची भाकरी, अळूवडी. सफूरा आमच्याकडे बघत बसली होती. मग हळूच मला म्हणाली, "आई तुमच्याशी बोलते तेव्हा… वेगळी बाई आहे."

खरं आहे. आपा थांबतच नाहीत. खाडीतली तरीची होडी, शाळेतल्या बाई, कोणाचं लग्न कसं मोडलं, सगळं. मधे एखादा शब्द अडला की कपाळावर हात मारतात, आणि मी सांगितला की लहान मुलीसारख्या हसतात.

मी कोकणच्या लाइनवर काम केलंय हे कळल्यावर विचारलं, "आमच्या भावाची कलमं गेली त्या गाडीत. तूच नेलीस काय?" मी म्हटलं, "नाही हो आपा, मी तेव्हा नवीन होते, पुलाचं काँक्रीट मोजायचे." त्या हसल्या. "वरीसभर बोलला नाय कोणाशी. मग भाचीच्या बारशाला त्याच गाडीनं गेला."

किती वर्षांत कोणाच्या ओट्यावर अशी बसले नव्हते.

शुक्रवार, १ नोव्हेंबर. दार्सैत, मस्कत

दिवाळी. रमणने मस्कतला बोलावलं. कृष्णमंदिरात ही गर्दी. घरी फोन केला. फराळ बरा होता. सगळा वेळ वाटत होतं, आज इब्रात असायला हवं होतं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

डाव्या काठाचे निकाल आले. दगड वाईट आहे, पण अशक्य नाही. बोगदा होईल – जपून, हळू, आणखी बरीच बोअर घेऊन. उजवा काठ सरळ. चढ नाही, वळण सौम्य, पाया चांगला. लाइन आपांच्या बागेच्या बरोबर मधून जाते. फलज खालून वळवता येईल. झाडं राहणार नाहीत.

रमणला फोन केला. डावीकडे अजून बोअर घेऊ का, विचारलं.

"किती महिने?"

"चार. पाच."

तो म्हणाला, "विद्याजी, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. पण हे मागितलंत तर मला वर कारण द्यावं लागेल. आहे का कारण?"

अळूवडी हे कारण नव्हे. मी म्हटलं, बघते.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

रिपोर्ट पाठवला. उजवा काठ.

एक वाक्यही खोटं नाही. पण डाव्या काठाचा परिच्छेद मी तीनदा लिहिला आणि दर वेळी तो आणखी आखूड झाला. घरची ओढ होती, रमणची घाई होती, आणि उजवा काठ खरंच चांगला आहे. यातलं नेमकं कशामुळे आखूड झाला, ते मला सांगता येणार नाही. हेच वाईट आहे.

रमणचा निरोप: "एक्सलंट. नोटीस जाईपर्यंत तिकडे कोणाशी बोलू नका, प्लीज."

बरं वाटलं. बोलायचं नाही म्हणजे सांगावं लागणार नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तरी गेले. जेवले. दोनदा भात घेतला.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

शेवटची भेट. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. रमण गेला खड्ड्यात.

आपा बागेत होत्या. मला घेऊन पार टोकापर्यंत गेल्या. हे झाड नवऱ्याच्या वडिलांचं, ह्याला फळ कमी पण गोड, हे दोन वर्षं वठलं होतं आणि आपणहून उठलं. मी मोजणीच्या खुंट्यांवरून चालत होते. माझ्याच माणसांनी ठोकलेल्या.

"आपा, मला तुम्हाला काहीतरी –"

"आधी हे धर." खजुराची करंडी हातात दिली. "सुगी सरली, नायतर ताजे दिले असते."

परत ओट्यावर. मी पुन्हा सुरुवात केली. "आपा, ती रेल्वे –"

"अगो, ती गोष्ट राहिली! धाकट्या मावशीची, होडीवरच्या तांडेलाबरोबर पळालेली." आणि ती गोष्ट इतकी लांबली की रशीद हॉर्न वाजवायला लागला. उठताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "पुन्यात थंडी असेल. डोकं बांधून ठेव."

मी सांगितलं नाही. बोलू देत नव्हत्या, हे खरं. पण मला ओरडून सांगता आलं असतं. नुसतं "बाग जाणार" – दोन शब्द. हॉर्न वाजला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची आत्ता लिहिताना लाज वाटते.

इब्रा मागे पडल्यावर रशीद म्हणाला, "मॅडम, आपा आज लई बोलल्या."

मंगळवार, १४ जानेवारी २०२५. पुणे

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ वाटला. इब्राची फाइल बंद झाली, अभिनंदनाची मेल आली. सफूराचा नंबर आहे माझ्याकडे. फोन हातात घेते, ठेवते.

सोमवार, १० मार्च

काही नाही. अळूवडी केली. नीट जमली नाही. कोणी काही म्हणालं नाही, मीच टाकून दिली.

शनिवार, ३० ऑगस्ट

रशीदचा मेसेज. बागेत मशीन लागलंय. काही झाडं मुळासकट काढून दुसरीकडे लावणार, बाकीची तोडणार. सोबत फोटो – तो मी उघडला नाही.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन सफूराला व्हॉइस मेसेज केला. मराठीत, तिच्या आईसाठी. म्हटलं, आपा, लाइन तिथून न्या असं मीच लिहिलं. लिहून झाल्यावर तुमच्याकडे येऊन जेवले. दुसरीकडून नेता आली असती कदाचित. मी पुरतं बघितलं नाही. शेवटच्या दिवशी सांगणार होते, सांगितलं नाही. माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही, पण तुम्हाला हे माझ्याकडून कळायला हवं होतं.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या.

शनिवार, ६ सप्टेंबर

सकाळी उत्तर आलं. आधी सफूराचा आवाज, अडखळत: "विद्यामावशी, तुम्ही यायच्या आधी, त्या उन्हाळ्यातच सरकारी माणसं घरी आली होती. दोन्ही लाइन दाखवल्या होत्या. तुम्ही त्यातली एक ठरवणार, आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, तिला सांग, बाग वाचव म्हण. आई नको म्हणाली."

मग थोडी खरखर, आणि आपा:

"अगो, तुला बोलू कशाला दिलं नाय, कळलं ना आता? बागेचं बोललो असतो तर तू यायची थांबली असतीस. मग मी बोलले असते कोणाशी?"