पुढच्या गल्लीतला दगड

जबलपूर,
२० ऑगस्ट १९९६

प्रिय शैल,

पाकिटावरचं अक्षर शेजारच्या रामरावांचं आहे. माझं अक्षर तू दुरूनही ओळखतेस, आणि ओळखलंस की पाकीट न फोडता परत पाठवशील अशी मला दाट शंका होती. रामराव पत्ता लिहिताना म्हणालेच, "दीदी, आता पत्त्यातसुद्धा चलाखी?" मी म्हटलं, मुकाट्याने लिहा. तर आता फोडलंच आहेस, शेवटपर्यंत वाच. मग फाडायचं तर फाड.

येत्या सोमवारी, सव्वीस तारखेला, चंद्रशेखरच्या चौकशीची शेवटची बैठक आहे हे मी तुला सांगायला नको. तक्रार माझी होती, हेही सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. निवृत्तीला सात महिने उरलेल्या महानगरपालिकेच्या इंजिनियरला निलंबित करून घरी बसवलं ते माझ्या चार पानी इंग्रजी अर्जाने. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी तक्रार कशी लिहावी ते शिकवलं होतं: आधी वस्तुस्थिती, मग प्रश्न, शेवटी मागणी, आणि विशेषणं अजिबात नाहीत. अर्ज उत्तम उतरला होता. पण तो मी का लिहिला हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. पेपरात बातमी आली त्याच आठवड्यात घराला कुलूप घालून तुम्ही दोघं नागपूरला लेकीकडे निघून गेलात. म्हणून न विचारता सांगते.

एप्रिल आणि मे मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला भावाकडे होते. जूनमध्ये परतले. रिक्षातून उतरले आणि नव्या डोळ्यांनी पहिलं काय वाचलं असेल तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसवलेला काळा दगड. नाली निर्माण कार्य का लोकार्पण, माननीय पार्षद श्री भैयालाल जी के करकमलों द्वारा. आपल्या नगरसेवकाचं, भैयालालचं, नाव वितीएवढं आणि नाली हा शब्द बोटाएवढा. मी बॅग खाली ठेवली आणि नाली शोधायला लागले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. रस्ता तसाच, खड्डे तसेच, कोपऱ्यावरचा नळ तसाच गळका. नालीचा पत्ता नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला कोण खोटं बोलतंय हे नुसत्या श्वासावरून कळतं, तूही माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसायचीस. इथे तर खोटं दगडावर कोरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी महानगरपालिकेच्या, म्हणजे निगमाच्या ऑफिसात गेले. तीन खिडक्या फिरल्यावर एका बाबूने फाइल काढली आणि आनंदाने सांगितलं, "माताजी, काम तो हो गया. फाइल बंद है." मी विचारलं, नाली कुठे आहे? तर म्हणाला, "फाइल में." आणि स्वतःच हसला. मग मी भैयालालच्या घरी गेले. त्याने चहा मागवला, पाया पडला, आणि म्हणाला, "दीदी, हमने तो फीता काटा है. नाप-जोख इंजीनियर साहब जानें." फीत कुठे कापली ते विचारलं, तर दगडाजवळ. नाली पाहिली का, तर फोनची घंटा वाजली. जो माणूस चहा पाजतो आणि उत्तर देत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि जो चहाही पाजत नाही आणि उत्तरही देत नाही, त्याच्यावर तर नाहीच. तो दुसरा माणूस तुझा नवरा, चंद्रशेखर.

त्या आठवड्यात चंद्रशेखर कोपऱ्यावरचा नळ बघायला आला होता. गल्लीतली चार माणसं उभी होती. मी सरळ विचारलं, नाली कुठे आहे? त्याने माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, जरा मागच्या बाजूला चला, तुम्हाला दाखवतो." मला वाटलं, हा मला बाजूला नेतोय. लोकांच्या नजरेआड नेऊन गयावया करणार, तुझं नाव काढणार, जुन्या दिवसांची आठवण देणार. मी म्हटलं, "जे दाखवायचं ते चारचौघांत दाखवा." त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. मला तर तो कबुलीजबाबच वाटला.

शंका एकदा घरात शिरली की तिला सगळीकडे खुराक मिळतो. लीलाबाईचंच बघ. माझ्याकडे धुण्याभांड्याला येते, गल्लीच्या खालच्या अंगाला वस्तीत राहते. दरवर्षी जुलैत तिच्या घरात घाण पाणी शिरतं आणि ती तीन-चार दिवस येत नाही. यंदा जुलै निम्मा गेला, बरगीच्या धरणाची दारं उघडल्याची बातमी आली, आणि लीलाबाई एकही दिवस चुकली नाही. मी काय निष्कर्ष काढला असेन? भैयालालने वस्तीतल्यांना काहीतरी देऊन गप्प केलंय, आणि आता पाणी शिरलं तरी ही बाई सांगणार नाही. ती माझ्यासमोर भांडी घासत होती आणि मी तिच्या पाठीकडे पोलिसासारखी बघत होते.

अर्जावर सोळा सह्या मिळवल्या. सगळ्या आमच्या गल्लीच्या. खालच्या वस्तीतली एकही नाही. तिकडे मी विचारायला गेलेच नव्हते.

चौकशीची माणसं आली ती एका सकाळी अकरा वाजता. दोन साहेब आणि छत्री धरायला एक चपराशी. पुढची गल्ली मोजायला फीत घेऊन आले होते, पण मोजायला काही नव्हतंच. चंद्रशेखर तिथेच उभा होता. त्याने सांगितलं की काम मागच्या अंगाला झालं आहे. साहेबाने कागद उलटसुलट केला, आदेश तर पुढचा आहे म्हणाला, बदलाचा लिखित आदेश दाखवा. लिखित नव्हता. पार्षदजींनी तोंडी सांगितलं होतं. भैयालालला बोलावणं गेलं, त्याने हात वर केले, "हमने तो ऐसा कुछ नहीं कहा." तरीही तो धाकटा साहेब भला होता. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "मैडम, पीछे भी कुछ है क्या?" आणि शैल, मी माझ्या पायरीवर उभी राहून, अगदी खात्रीने म्हटलं, "पीछे कुछ नहीं है. पीछे की गली कब की बंद है."

मी खोटं बोलले नाही. मला तसंच वाटत होतं. बासष्ट वर्षं मी या घरात राहतेय आणि मागचं दार उघडून कधी बाहेर पाऊल टाकलेलं नाही. लहानपणी त्या गल्लीतून फक्त टोपलीवाली यायची, संडास साफ करायला. आई दाराच्या फटीतून तिला भाकरी टाकायची, आणि आम्हा भावंडांपैकी कुणी दाराच्या कडीला हात लावला तर आंघोळ करायला लावायची. पुढे फ्लश आले, टोपल्या गेल्या, दारापुढे वडिलांचं लाकडी कपाट सरकवलं गेलं. गल्लीतल्या सगळ्याच घरांनी हेच केलं. कुणी विटा लावल्या, कुणी कपाट. आमच्या दृष्टीने ती गल्ली तेव्हाच संपली.

आमच्या घरात जे पुढे ठेवायचं नसायचं ते मागे जायचं. हे लिहिताना मला तो कप आठवतोय. बासष्ट साली तू एक्स्चेंजमध्ये नवी लागलीस आणि मी तुला पहिल्यांदा घरी आणलं. आईने विचारलं, वडील काय करतात? तू सांगितलंस, नाव डोमाजी, तोफगाडीच्या कारखान्यात आहेत, आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, आता बौद्ध. आईने चहा दिला, खोबऱ्याची वडीही दिली. आणि तू निघालीस तेव्हा तो कप धुऊन मागच्या खिडकीत वेगळा ठेवला. मी पाहिलं. तूही वळून पाहिलंस, कारण तुझी छत्री राहिली होती. त्यानंतर नोकरीभर आपण एका डब्यात जेवलो, तुझ्या लग्नात मी अक्षता टाकल्या, पण माझ्या घरी तू नेहमी, "नको गं, आत्ताच घेऊन आले," म्हणालीस. मी कधी आग्रह केला नाही. तीक्ष्ण जिभेची म्हणून मी गावभर प्रसिद्ध, आणि "चहा घेऊनच जा" हे एक वाक्य मला कधी बोलता आलं नाही.

आता गेल्या शुक्रवारचं. लीलाबाई वेळेवर आली, कोरड्या पायांनी. माझ्याने राहवेना. मी विचारलं, काय गं, यंदा पाणी नाही शिरलं? ती म्हणाली, "आता कायले शिरन बाई? सायबानं नाली नाही का बांधून देल्ली!" कुठे? "तुमच्याच घरामांगं. भितीले लागून हाये." मग इतके दिवस बोलली का नाहीस? तर हातातली कढई खाली ठेवून म्हणाली, "तुमी त समोर मोजून राहिले होते. मले वाटलं, तुमाले समोरची बी पायजे असन."

मी चप्पल घातली, शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि लीलाबाईच्या मागोमाग वळसा घालून गेले. शैल, नाली आहे. पक्की, सिमेंटची, वरून फरशांनी झाकलेली, दर दहा पावलांवर उचलता येईल अशी एक फरशी कडीची. पाणी खळखळत उतरत होतं. माझ्या मोरीचं पाणीसुद्धा त्यातूनच जात होतं. आम्ही दोघींनी ती मोजली. ती एक टोक धरायची, मी दुसरं, आणि वस्तीतल्या बाया दारात उभ्या राहून आम्हाला हसत होत्या. एक म्हणाली, "बाई, ब्लाउज शिवता का नालीले?" कागदावर एकशे ऐंशी मीटर आहे. माझ्या टेपने एकशे चौऱ्याऐंशी भरली. वरचे चार मीटर लीलाबाईच्या उंबऱ्यापर्यंत जातात. मी दोनदा मोजली, कारण माझा स्वतःवरही विश्वास उरला नव्हता.

आणखी एक आहे, ते मी अर्जात लिहिलं नव्हतं. फेब्रुवारीत चंद्रशेखर आमच्या पुढच्या गल्लीत चुन्याची रेघ मारायला आला होता. रेघ अकरा घरांच्या ओट्यांवरून जात होती आणि पहिला ओटा माझा. मी पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या आईने बांधून घेतलेल्या पायऱ्या आहेत, हात लावून तर बघा. माझ्यामागे बाकीचे दहा उभे राहिले. भैयालाल धावत आला, ओटे फुटले तर मतं फुटतील म्हणाला, आणि चंद्रशेखरला बाजूला घेऊन कुजबुजला. त्याने फीत गुंडाळली आणि गेला. मी समजले नाली रद्द झाली. म्हणून जूनमध्ये दगड पाहिला तेव्हा तो मला चोरीचा वाटला. भैयालाल खोटा आहे हा माझा संशय आजही कायम आहे. त्याने दगड पुढे लावला, कारण मागे तो वाचणार कोण? त्यालाही मागे जायचं नव्हतं. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की दगडावर माझं नाव नाही.

अर्जात फेब्रुवारीचं लिहायला मी विसरले, असं म्हटलं तर तू ऐकून घेशील. पण मी विसरले नव्हते. ते लिहिलं असतं तर तो चार पानी अर्ज उभाच राहिला नसता.

आता हे सगळं का लिहिलं ते. काल रामराव निगमातून ऐकून आले की चंद्रशेखरने कळवलंय, तो सोमवारी हजर राहणार नाही, जे ठरवायचं ते ठरवा. तो आला नाही तर एकतर्फी निकाल लागेल आणि फाइल बंद होईल. बंद फाइलमध्ये काय सापडतं ते तू वर वाचलंसच. त्याला पत्र लिहिलं असतं तर त्याने चष्मा पुसून ते बाजूला ठेवलं असतं, म्हणून तुला लिहितेय. त्याला घेऊन ये. फेब्रुवारीची आणि मापाची लेखी साक्ष मी शनिवारीच देऊन आले आहे, यावेळी हिंदीत, लीलाबाईच्या अंगठ्यासकट, आणि त्याच धाकट्या साहेबाकडून सोमवारी जागा पाहायला येण्याचं कबूल करून घेतलंय. पण जागा दाखवायला जागा बांधणारा हवा. काल रामराव आणि लीलाबाईने मिळून वडिलांचं कपाट हलवलं. कडी गंजली होती, हातोडीने उघडली. सोमवारी त्या साहेबांना वळसा घालून न्यायचं नाही. पुढच्या पायरीवरून, बैठकीतून, स्वयंपाकघरातून, त्या दाराने मागे न्यायचं. दहा वाजता या. मी चहा टाकून ठेवेन. घेऊन आले असं म्हणू नकोस, शैल. आईचे ते कप काल मी सगळे एकत्र धुतले, आणि आता त्यातला वेगळा कोणता ते मलाही ओळखू येत नाही.

दार उघडं ठेवून वाट पाहणारी,
तुझीच,
हेमलता