हवा काढल्याशिवाय चावी देऊ नये

मी, खाली सही करणारा मोटार मेकॅनिक, वय वर्षे एकाहत्तर, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोडही बोललेलं नाही. डॉक्टरांनी औषधं बदलणं सोडून दिलं, एवढंच कारण. मला बायको-मुलं नाहीत. सख्खा थोरला भाऊ आहे, तो माझ्याशी बोलत नाही.

कलम १. वर्कशॉप भाड्याचं आहे, ते मालकाला परत करावं. छप्पर दुरुस्त करून देतो असं तो म्हणत राहिला आणि मीच निघालो. गळतीखालच्या बादल्याही त्यालाच द्याव्यात.

कलम २. हत्यारं समोरच्या वेल्डरला. मोठा पाना त्याच्याकडेच आहे, मागून नेला तो परत आलाच नाही. आता तो त्याचाच समजावा, म्हणजे माझ्या दारावरून जाताना त्याला मान वळवावी लागणार नाही.

कलम ३. दवापाण्यातून काही उरलंच, तर ते वहिनीला. नवऱ्याच्या नाकावर टिच्चून तिने मला आजारपणात डबे पाठवले.

कलम ४. वडिलांची जुनी गाडी पुतणीला. बापाने बजावूनही ती वर्कशॉपवर येते आणि हात काळे करून जाते. मात्र चावी देण्याआधी वेल्डरने तिच्याकडून गाडीच्या रेडिएटरच्या पाण्यात अडकलेली हवा एकदा काढून घ्यावी. गाडी चढावर, तोंड वर करून उभी करावी. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडावं, हीटर चालू ठेवावा आणि इंजिन सावकाश चालू देऊन पाणी थोडं थोडं ओतावं. वरचा होज पाइप हाताने दाबत राहावा. बुडबुडे थांबले की पाणी आपोआप खाली बसतं, मग पुन्हा भरावं. काठोकाठ दिसलं म्हणून भरलं असं समजू नये. एवढी कटकट कशाला, असं तिने विचारलं तर जुन्या गाड्यांची खोड म्हणून सांगावं.

(यापुढची दोन कलमं वेगळ्या कागदावर आहेत. तो कागद वकिलांनी पाकिटातच ठेवावा.)

कलम ५. वडिलांच्या छातीत कळ आली त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. इस्पितळाच्या अलीकडच्या चढावर इंजिन जाम झालं. दुसरं वाहन मिळेपर्यंत वडील मागच्या सीटवरच गेले. भाऊ आला आणि म्हणाला, "इंजिन तापल्याचा काटा बघायची अक्कल नव्हती तुला?"

मी म्हणालो, "दादा, काटा खालीच होता."

"खोटं बोलू नकोस. निदान आज तरी नको."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. काटा खाली असताना इंजिन भाजलं कसं, हे मला समजेना, म्हणून मी हा धंदा शिकलो. हवा आत अडकली की काट्याची तार जिथे बसते तिथे पाणी पोचत नाही, हे मला फार उशिरा कळलं. इंजिन तापून लाल होतं आणि काटा आपला थंड दाखवत राहतो. आदल्या दिवशी रेडिएटरचा पाइप बदलून पाणी दादाने भरलं होतं. काठोकाठ भरलंय, असं मोठ्या कौतुकाने सांगितलंही होतं. हवा काढायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या वेळी आमच्या घरात कोणालाच नव्हतं.

कलम ६. कलम पाच माझ्या भावाला किंवा पुतणीला कधीही वाचून दाखवू नये. वकील म्हणाले, "दाखवायचं नाही तर लिहिता कशाला?" खरं कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून. दादा आता ऐंशीच्या घरात आहे. हे ओझं घेऊन त्याने उरलेले दिवस काढावेत असं मला वाटत नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा असं मात्र अजून वाटतं, आणि तो ठेवणार नाही हेही माहीत आहे. मी गेल्यावर गाडीपाशी उभा राहून तो जर म्हणाला, "याने काटा बघितला नाही," तर त्याला कोणी अडवू नये. होय म्हणावं.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: शेजारचा शिंपी (सही)
साक्षीदार २: दवाखान्यातला कंपाउंडर (सही). दोघांनीही सगळं वाचलं आहे. दोघांनाही गाडीतलं ओ की ठो कळत नाही.
स्थळ: वर्कशॉपमागची खोली
दिनांक: वकील घालतील