नऊ वर्षं उपाशी राहिलेला सरकारी उंट

एडन, सोमवार

आदरणीय मुहसिन मामा यांस भाचा अव्वादचा सलाम. लहेजला तुमची, मामीची आणि तुमच्या सगळ्या उंटांची प्रकृती उत्तम असावी (उंटांची चौकशी का, ते पुढे येईलच). आईचे गुडघे दुखतात. तिनंही सलाम सांगितलाय.

मामा, अंदाजपत्रकाच्या कारकुनाचं काम सोपं. गेल्या वर्षीचं उतरवायचं आणि साल बदलायचं. पहिल्या पानावर अकरा साहेबांचे पगार असतात, त्यातच निम्मी तिजोरी आटोपते. उरलेल्या निम्म्यात आम्ही तीनशे जण दाटीवाटीनं बसतो. काटकसर मात्र दरवर्षी शेवटच्या पानापासून सुरू होते, आणि तिथेच म्हातारा उबैद आहे, पाणीगाडीच्या उंटाचा राखणदार, महिना बारा रुपये. नळ आले त्या साली उंट मेला, त्याला नऊ वर्षं झाली. चाऱ्याची रक्कम तेव्हाच रीतसर कापली. उबैद जिवंत होता, म्हणून त्याचा पगार कापायचं कोणाला सुचलं नाही. तो रोज येतो, रिकामं ठाण झाडतो, चहा पितो आणि घरी जातो. घरात खाणारी तोंडं सात. मला त्याची दया येते, म्हणून मी गप्प.

परवा नव्या खजिनासाहेबांनी शेवटचं पान वाचलं. राखणदार आहे पण चारा नाही, हे पाहून ते लालबुंद झाले (या लोकांना उपाशी माणूस दिसत नाही, जनावर लगेच दिसतं). उबैदला बोलावून म्हणाले, "नऊ वर्षं मुक्या जनावराला चारा नाही, आणि तू कोणाला बोलला नाहीस?"

उबैदला खोटं बोलता येत नाही. म्हणाला, "साहेब, तो बिचारा आता काही मागत नाही."

साहेबांचे डोळे भरून आले. चारा तिथल्या तिथे मंजूर झाला, आणि गुरुवारी साहेब साखरेचे खडे घेऊन स्वतः उंटाला भेटायला येणार आहेत. बाकी सर्व ठीक.

तुमचा,
अव्वाद

ता. क. बुधवारपर्यंत एक उंट पाठवा. लंगडा चालेल. वाटेत काही खायला घालू नका.

आणखी एक. वर दयेचं लिहिलंय ते खरंच आहे. पण राखणदाराचा पगार निघायला दरवर्षी दाखला लागतो, 'उंट समक्ष पाहिला, प्रकृती उत्तम.' नऊही दाखल्यांवर सही माझी आहे.

शेवटचं. उंट जमत नसेल तर शुक्रवारी तुमच्या गोठ्यात दोघांपुरती जागा करून ठेवा. उबैद फार खात नाही.