पेरोत्तींच्या पोटाचं माप

तुरीन, बुधवार, ३ जून १९५३

तीर्थरूप जेम्माताईस धाकट्या ओरेस्तेचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? खानावळ जोरात चालू आहे ना? असणारच, त्याचा पुरावा आज दुपारी मी स्वतःच्या हातांनी गाडीतून ओढून काढला. (माझ्या कंबरेचं विचारू नकोस. ती त्या ओढाओढीतच गेली.) वडीलधारी म्हणून आदर ठेवून लिहितोय, पण ताई, सख्ख्या बहिणीनं भावाच्या पोटावर असा पाय देऊ नये!

फेब्रुवारीत मी तुझ्याकडे पेरोत्ती नावाचे औषधवाले पाठवले, तेव्हा ते निव्वळ काडी पैलवान होते. आस्तीत नवं दुकान घेतलंय, जेवणाची सोय सांगा म्हणाले आणि मी मूर्खानं तुझं नाव सांगितलं. त्यांच्या जुन्या टोपोलिनोची, त्या चिमुकल्या फियाटची, मला शर्यतीची गाडी करायची होती. टोपोलिनो म्हणजे नावाप्रमाणे शेवटी उंदीरच; रविवारी प्रार्थनेला जाऊन येणाऱ्या उंदराला घाट चढायला शिकवायचं म्हणजे गंमत नाही. मी तिचा मूळचा पत्रा सोलून काढला, सांगाड्याला भोकं पाडली, वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियम ठोकून ठोकून नवं अंग चढवलं. दाराची मूठ काढून चामड्याचा पट्टा लावला (एकशे चाळीस ग्रॅम वाचले). हॉर्न गेला, राखदाणी गेली, रंगाचा दुसरा हातसुद्धा दिला नाही. आणि हे सगळं करण्याआधी पेरोत्तींना फळीवर बसवून शिंप्यासारखं माप घेतलं: डोक्यावर दोन बोटं जागा, पोट आणि स्टिअरिंगमध्ये चार बोटं. वजन एकसष्ट किलो. रविवारी मोंचेनीझिओच्या घाटाची शर्यत, आणि नाकावर माझ्या नावाची पितळी पट्टी असलेली ही पहिलीच गाडी. (वीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाखाली पत्रे ठोकले, हे तुला मी सांगायला नको.)

आज गृहस्थ चाचणीला आले. चौऱ्याहत्तर किलो! चार महिने मी एकेक ग्रॅम वेचून काढला आणि तू तेरा किलो परत भरलेस, तेही लोण्यात परतून! दार लागेना. शेवटी त्यांना श्वास सोडायला लावून लावलं. पहिली दोन वळणं पार पडली. तिसऱ्या वळणावर त्यांच्या जाकिटाचं बटण स्टिअरिंगमध्ये अडकलं आणि गाडी न वळता सरळ फुलवालीच्या टपरीत शिरली. (जाकीट घालू नका म्हणून बजावलं होतं. पण ते तू सैल करून दिलेलं, मग कसं काढणार!) फुलवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, या बाबानं गाडी चालवायला घेतलीय की अंगात घातलीय?" सगळा रस्ता हसला. स्टिअरिंग सोडवून, बगलेत हात घालून आम्ही दोघा-तिघांनी त्यांना बाहेर ओढलं. बाहेर आलेला माणूस आधी गाडीकडे बघेल की नाही? नाकाला हा एवढा पोचा! पण हे मला विचारतात, "ओरेस्ते, आस्तीला जायची आगगाडी किती वाजता हो? आज सारण भरलेल्या आन्योलोत्ती आहेत." मी म्हटलं, "अहो, रविवारी शर्यत आहे!" तर म्हणे, "म्हणूनच तर. जेम्मा म्हणते, अंगात ताकद हवी." जेम्मा! सिन्योरा नाही, बाई नाही, नुसतं जेम्मा!

ताई, हात जोडतो. उद्यापासून त्यांना उकडलेला पाला आणि पाणी. अंड्याच्या बलकाची ती झाबायोने तर लांबूनही दाखवू नकोस. चार दिवसांत तेरा किलो उतरणार नाहीत हे मलाही कळतं, पण निदान चौदावा तरी चढू नये.

तुझ्यावर चिडलेला, पण तुझाच,
ओरेस्ते

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात पेरोत्ती परत आले, टोपी विसरले होते. जाता जाता म्हणाले, "एक गंमत सांगू? शर्यतीचा विषय काढला की जेम्मा एकदम गप्प होते आणि न विचारता ताटात आणखी वाढते. असं कुठं पाहिलंत का?" मी नाही म्हटलं.

आणखी ता. क. मग त्यांनी विचारलं, खुर्ची जरा मागे सरकवता येईल का? चार बोल्टचं काम, अर्धा तासही लागत नाही. मी सांगितलं, छे, एकदा मापानं बेतलेली गाडी पुन्हा उसवता येत नाही. त्यांना पटलं. (औषधवाल्याला पत्र्यातलं काय कळतंय!) तेव्हा रविवारी गाडी घाटावर जाणार नाही, माझं नावही जाणार नाही. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. वर लिहिलेलं पाल्याचं आणि पाण्याचं सगळं खोडून टाक आणि वाढताना हात आखडू नकोस. रविवारी दुपारी मीही जेवायला येतो. सहा वर्षांपूर्वी एर्नेस्तोदाजी तुझ्या दारातून शर्यतीला गेले ते परत आलेच नाहीत. ते कुठल्याही गाडीत मावायचे.