कच्चा टाका

आये, तुझ्याशी भांडायचं आहे. तू असतीस तर दारातूनच सुरुवात केली असती, चपलासुद्धा काढल्या नसत्या. आता कागदावर भांडतो. तू वाचणार नाहीस हे मलाही कळतं, पण दुकानात बसून एकटाच बडबडायला लागलो की गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात. त्यापेक्षा हे बरं.

आधी गाडीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापासून निघालं. दुकान अजून तिथंच आहे, पनवेलच्या एसटी स्टँडमागे. हॉर्न, हेडलाइट, वायरिंग, तेच काम. मध्यंतरी एक जुनी टर्बोची गाडी पडत्या भावात मिळाली आणि मी या वयात पोरासारखा हुरळलो. टर्बो म्हणजे तू फुंकणी समज. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्याच्याच जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. आधीच्या मालकाने या फुंकणीचा जोर वाढवून ठेवला होता, पण पेट्रोल होतं तेवढंच ठेवलं होतं. म्हणजे फुंकायचं दणकून आणि चुलीत लाकूड सारायचं एकच. अशाने इंजिन आतून टकटक वाजतं, भलतंच तापतं, आणि एक दिवस पिस्टनला भोक पडून बसतं. हे नीट करून देणारे लोक मुंबईत आहेत. त्यांनी जो आकडा सांगितला त्यात मला आणखी एक अशी गाडी आली असती. मग म्हटलं, आपल्याला काय हात नाहीत?

भंगारातून एक इंजेक्टर आणला, म्हणजे पेट्रोलची पिचकारी. हवेचा दाब मोजणारा सेन्सर दुसऱ्या एका मोडीतल्या गाडीचा काढला. दोघांच्या मधे बोटभर लांबीचा बोर्ड, कॉलेजची पोरं प्रोजेक्टला वापरतात तो. फुंकणी जोर करायला लागली की बोर्डाने ते ओळखायचं आणि पिचकारी उघडायची. जेवढी जादा हवा, तेवढं जादा पेट्रोल. हे सगळं बायकोच्या ॲल्युमिनियमच्या भाकरीच्या डब्यात बसवलं. ती अजून तो डबा शोधते आहे आणि मीही तिच्याबरोबर शोधतो. स्टिअरिंगसमोर बारक्या दिव्यांची एक ओळ लावली. हिरवा पेटला की पेट्रोल पुरतंय, लाल पेटला की कमी पडतंय. तुला यातलं काही कळलं नसतं, पण डबा उघडून दाखवला असता तर तू आधी आतले टाके बघितले असतेस. ते सगळे मी घातले होते.

टाका हा शब्दही तुझाच. मिठागरावरची तू, लग्न होऊन पनवेलला आलीस, काही दिवस लोकांचे ब्लाउज शिवलेस आणि मग त्या रेडिओचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात लागलीस. ओळीने बाया बसायच्या, प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंगची तापलेली कांडी. सुपरवायझर इंग्रजीत काहीबाही बोलायचा, पण तुझ्यासाठी ते शिवणच होतं. शिशाच्या तारेने पार्टचा पाय बोर्डाला जोडला की तो टाका. वरून चिकटलेला दिसतो पण आतून धरलेला नसतो, तो कच्चा टाका. हा शब्द मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. दुकानात जे उस्ताद भेटले ते ड्राय म्हणायचे. मी कधी त्यांना तुझा शब्द सांगितला नाही, तो माझा होता.

रविवार आहे. ताई शिवणाच्या क्लासला गेली आहे. तू कालवणाचं पातेलं ओट्यावर एका बाजूला सारलं आहेस आणि कारखान्यातून आणलेला एक नापास बोर्ड माझ्यासमोर ठेवला आहेस. जवळ्याचा वास आणि शिशाच्या तारेतल्या राळेचा वास एकमेकांत मिसळले आहेत. कांडी तापली का ते बघायला तू ती ओल्या फडक्याला लावतेस, चर्र आवाज होतो आणि तू मान हलवतेस. आधी पाय तापवायचा, मग शिसं पाजायचं, शिसं कांडीला नाही, पायाला पाजायचं. मी पाजतो. शिसं वितळून पायाभोवती गोळा होतं, चकाकतं, आणि मला इतका आनंद होतो की ते लवकर निवावं म्हणून मी फुंकर मारतो. तू फाडकन मनगटावर मारतेस. "फुंकतोस काय? चाय हाय का ती?" मग तो टाका नखाने हलवून दाखवतेस. चकाकी गेलेली असते, राखेसारखा झालेला असतो, आणि पाय आत डुगडुगत असतो. आपोआप निवू द्यायचं, श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घ्यायचा, असं सांगतेस. त्यानंतर पातेलं जागेवर ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता, तू ते वाक्य म्हणतेस, ज्याच्यावर मी आजवर जगलो.

"ह्या तुला एकल्यालाच दाखवलाय. ताईला नाय सांगाचा."

मी नाही सांगितलं. शपथेवर नाही सांगितलं. आणि का सांगू? ताईकडे तुझं काय नव्हतं? तुझं नाक तिला, तुझे केस तिला. दोघी भाकऱ्या थापायला बसलात की मागून कोण कुठली ते कळायचं नाही. बाजारात तू तिला न्यायचीस, उरणला मामाकडे तिला न्यायचीस, रात्री कुशीत ती, आणि मी बाबांच्या पायाशी. शेवटच्या आजारातसुद्धा हात तिचा धरलेला असायचा. मी औषधं आणायला खाली-वर करत होतो. लोक म्हणायचे, पोरगी म्हणजे आईची सावली. म्हणू देत, मी मनात म्हणायचो, सावलीला काय कांडी धरता येते? ताईकडे तू सगळी होतीस, माझ्याकडे रविवारची एवढीशीच. पण ती एवढीशी कोणाशी वाटून घेतलेली नव्हती. या एका गोष्टीवर मी ताईला सगळं माफ करत आलो.

आता ताईच्या पोरीचं. तू गेल्यावर झाली, तू तिला बघितलं नाहीस, तिने तुला बघितलं नाही. इंजिनिअरिंगला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. डब्यातल्या बोर्डाचा प्रोग्रॅम मला जमेना, किती दाबाला किती वेळ पिचकारी उघडायची हे गणित माझ्या डोक्यात बसेना, म्हणून तिला दुकानात बोलावलं. प्रोग्रॅमचं मला काही वाटलं नाही, ते तिचं शिक्षण. पण एक वायर सुटली म्हणून तिने माझ्या टेबलावरची कांडी उचलली आणि करंगळी टेबलाला टेकवली. तुझ्यासारखी. करंगळी टेकवून बाकी हात अधांतरी, हात हलू नये म्हणून. आये, मी स्वतः इतकी वर्षं प्रयत्न करतोय, मला तशी करंगळी टेकवून जमत नाही, माझा हात थरथरतो. आणि ही कालची कार्टी सहज करून गेली. भाचीवर जळणारा मामा जगात मी एकटाच असेन. रक्तातून आलं असेल, म्हणून मी स्वतःची समजूत घातली आणि तिच्यासाठी वडापाव मागवला.

सुट्टीच्या सकाळी आम्ही गाडी उलव्याला नेली. तिथले नवे रस्ते रुंद आहेत, इमारती उभ्या राहतायत पण माणसं अजून यायची आहेत. मी चालवत होतो, ती शेजारी बसून दिव्यांवर लक्ष ठेवत होती. चढाला ॲक्सिलरेटर दाबला, टर्बोने शीळ घातली, आणि दिवा लाल. पाय काढला. पुन्हा दाबला, पुन्हा लाल, आणि इंजिनात ती टकटक. मी म्हटलं, तुझा प्रोग्रॅम चुकलाय. खरं सांगू, मला बरं वाटलं. तिने लॅपटॉप उघडून आकडे बदलले. पुन्हा लाल. मी आणखी बोललो, कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे, असंही बोललो. मग ती म्हणाली, मामा, गाडी बाजूला घ्या. बॉनेट उघडलं, भाकरीचा डबा बाहेर काढला, आणि तिने आपल्या सॅकमधून एक भिंग काढलं. पितळी कड्याचं, मूठ काळी, मुठीवर लाल दोरा गुंडाळलेला. तुझं भिंग, ज्यातून तू टाके तपासायचीस. तुझ्या तेराव्यानंतर मी त्याच्यासाठी सगळी ट्रंक उपसली होती, कारखान्यातच राहिलं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

तिने एकेक टाका भिंगाखालून बघितला. पिचकारीकडे जाणाऱ्या वायरीपाशी थांबली, नखाने हलवलं, आणि हसली.

"मामा, हा टाका कच्चा आहे."

रस्त्यावर एक डंपर गेला आणि मला त्याचा आवाजही आला नाही. माझा टाका कच्चा निघाला याचं काही नाही, घाईत घातला होता, गार होण्याआधी डबा हलवला असेन. पण तो शब्द? मी विचारलं, हा शब्द कुठून आणलास? ती म्हणाली, आईकडून, आणि आईला आजीने शिकवला ना, भिंगही तिनेच दिलेलं. इतकं सहज म्हणाली, जणू वांग्याच्या भाजीची पद्धत सांगते आहे. मग गाडीच्या बॅटरीवर चालणारी छोटी कांडी लावून तिने तो टाका पुन्हा तापवला, शिसं पाजलं, आणि तोंड दुसरीकडे करून थांबली. आम्ही परत चढाला गेलो. टर्बोने शीळ घातली आणि दिवा हिरवा. टकटक नाही, धक्का नाही, गाडी नुसती पुढे पुढे निघाली, पाठ सीटला टेकली. इतके महिने ज्याच्यासाठी झटलो ते माझ्या पायाखाली चाललं होतं, पोरगी टाळ्या वाजवत होती, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. गाडी मी तशीच ताईच्या इमारतीखाली नेऊन लावली.

ताई बोंबील तळत होती. मी बसलोही नाही. तिला विचारलं, आयेने तुला सोल्डरिंग शिकवलं होतं? तिने झारा खाली ठेवला, गॅस बारीक केला. पोरीकडे बघून म्हणाली, तू जा, आंघोळ कर. मग मला म्हणाली, बस. आये, तुझी दुपारची शिफ्ट असायची तेव्हा तू उशिरा निघायचीस, मी शाळेत असायचो, त्या वेळात तू तिला ओट्यावर बसवून शिकवायचीस, हे तिने सांगितलं. फुंकर मारली म्हणून तू तिच्याही मनगटावर मारलं होतंस. शाळेत असताना मला वाटायचं तू घरी झोपली असशील. तिने पुढे जे सांगितलं ते तुझ्याच आवाजात सांगितलं, तो आवाजही तिला जमतो.

"म्हणाली, ह्या तुला एकलीलाच दाखवलाय, भावाला नाय सांगाचा. म्हणून नाही सांगितलं इतकी वर्षं. तू वाईट वाटून घेऊ नकोस रे. तुला दुकानात शिकवणारे मिळाले. मला तिच्याकडून एवढंच मिळालं होतं."

मी म्हटलं, एवढंच? आणि ते बाजार, ते कालवण, त्या भाकऱ्या? ताई म्हणाली, ते काय शिकवणं असतं का, ते तर काम होतं. चुलीशी पोरीला कोणीही बसवतं. कांडी तिने हातात दिली तेव्हा वाटलं, मीही कोणीतरी आहे. हे सांगताना तिचे डोळे भरले होते, आणि तोंडावर तो अभिमान होता, जो माझ्याही तोंडावर असतो, मी आरशात बघितलेला आहे.

वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, आये. एका वाक्यात तुझं झाकलेलं कोंबडं आरवलं असतं. लाडू करायचीस तेव्हा आमच्या दोघांच्या मुठीत गुपचूप एकेक जास्तीचा ठेवायचीस आणि दोघांनाही वाटायचं आपलाच जास्त, तसं हेही केलंस. अगं, लाडू खाऊन संपतो. हे आम्ही आयुष्यभर मुठीत धरून बसलो ना! पण मी गिळलं. ताईला म्हणालो, "चांगलं केलं तिने. मला तर कांडीला हातही लावू दिला नाही कधी."

ताईने डोळे पुसले, माझ्या ताटात सगळ्यात मोठा बोंबील वाढला, आणि म्हणाली, मोठ्या मनाचा आहेस बाबा तू, दुसरा असता तर भांडला असता. मी मान खाली घालून जेवलो.

हा कागद घरी न्यायचा नाही. बायको वाचेल, डब्याचंही कळेल तिला, आणि संध्याकाळच्या आत ताईला फोन जाईल. दुकान बंद करताना फाडून टाकेन. पण फाडण्याआधी तुला एक सांगून ठेवतो, कारण ताईने तुझ्या फोटोसमोरही मोठ्या मनाचं बोलून दाखवलं असेल. माझं मन काही मोठं झालं नव्हतं. मलाही शिकवलं होतं असं म्हणालो असतो, तर ताईने पुढचं विचारलंच असतं, आधी कोणाला? आणि ती माझ्याहून मोठी आहे.