नळीला टाचलेली चादर

आई, आज गोविंदपुऱ्याच्या आमच्या कारखान्यातून सौरचादरींची पहिली खेप लष्कराकडे गेली. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. तुझ्या शालूपेक्षा हलक्या चादरी आहेत या. जवानानं पाठीवर न्यायच्या, डोंगरावर उन्हात पसरायच्या आणि वायरलेसची बॅटरी भरून घ्यायची. दोन चाचण्यांत त्या नापास झाल्या होत्या. तिसऱ्यांदा तेच झालं असतं तर काम बंद आणि माझ्या हाताखालची माणसं घरी. ही चादर गुंडाळली तर टिकते, घडी घातली की तिच्यातल्या वीज वाहणाऱ्या रेषा तडकतात. 'घडी घालू नये' असं मी प्रत्येक चादरीवर ठळक छापून घेतलं होतं. दुसऱ्या चाचणीत लष्कराकडून आलेल्या सुभेदारसाहेबांनी माझ्यादेखत ती चौपदरी करून पिशवीत कोंबली. मी ओरडले, तर म्हणाले, "मॅडम, ऊपर से गोली आ रही हो तो ये कौन पढ़ेगा?"

त्या संध्याकाळी अयोध्या नगरच्या घरी रागारागानं कपाट आवरायला काढलं आणि तुझा शालू हाती आला. आठवला माझ्या लग्नाचा आदला दिवस. तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आहेस. जवाहर चौकातल्या कापडवाल्याकडून मागून आणलेली पुठ्ठ्याची नळी मांडीवर, आणि मला द्यायच्या या शालूचं टोक तू तिला टाचते आहेस. "घडी घालायची नाही, एवढं कळतं मला," मी म्हणते. "कळतं गं. पण तुला कायम घाई. जरीकाठ एकदा मोडला की जुळत नाही." दातानं दोरा तोडत वर म्हणतेस, "इंजिनिअर झालीस तरी तुझा भरवसा नाही." तेव्हा चिडले होते. त्या संध्याकाळी कपाटासमोर बसून एकटीच हसले. मी जवानांना बजावत बसले होते. तू बजावण्यात वेळ घालवला नव्हतास.

मग चादरीची कड हलक्या पोकळ नळीला शिवली. तिसऱ्या चाचणीत सुभेदारसाहेबांनी सवयीनं घडी घालायला घेतली, नळी आडवी आली, मुकाट्यानं गुंडाळली. पुन्हा उलगडली, बॅटरी भरली. "अब तो गधा भी लपेटेगा, मॅडम!" मी म्हटलं, "माँ को बता दूँगी."

ते सांगितलं. तुला पाठवायला आता पत्ता नाही, म्हणून हा कागद शालूच्या नळीत सरकवते.

आज सुपूर्द केलं ते असं: सगळ्या चादरी, आपापल्या नळीसकट. जोडतारा. सूचनापत्रक नाही. मी स्वतः शिवलेली नमुन्याची चादरही सुभेदारसाहेबांनी मागून घेतली. तिचे टाके वाकडे आहेत. मला अजून सरळ येत नाहीत.