आईची शपथ, आईचा फोन

६ जुलै
आईची शपथ घेऊन आईपासूनच काही लपवायचं असेल, तर ती शपथ पाळायची का? मला नाही सांगता येत. दादाने काल घ्यायला लावली. त्याचा पगार पुन्हा ऑनलाइन सट्ट्यात गेला. "आईला सांगायचं नाय. घे तिची शपथ." घेतली. बी.एस्सी. झाले, तरी अशा शपथेची भीती वाटतेच.

७ जुलै
रोह्याला कंपनीत जाताना गाडीत बँकेचं अ‍ॅप चाळलं. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करता येतात, यूपीआयसुद्धा. संध्याकाळी दादासमोर त्याचाच फोन धरला. मी दाबणार नव्हते. त्याने स्वतः दाबायला हवं, नाहीतर काय अर्थ... बराच वेळ अंगठा तसाच. मग दाबलं. "झालं समाधान, मास्तरीणबाई?" कार्डही माझ्या पर्समध्ये टाकलं.

११ जुलै
परतताना पेणला उतरून दादाच्या कामावर, मूर्तींच्या कारखान्यात डोकावले. दादा गणपतीचे डोळे रंगवत होता. हात स्थिर. मालक म्हणाले, "हल्ली फोन लांब असतो याचा." खूश व्हायला हवं. मग मन थाऱ्यावर का नाही?

१४ जुलै
आईचे पापडांचे पैसे तिच्या फोनवर येतात. वीजबिल भरायला घेतला, तर खात्यात काही नाही. सगळे अनोळखी नावांना गेलेले.
आई म्हणे, "दादा रिचार्ज मारतो ना. पिन पण त्यानेच लावून दिलाय."
हे मला सुचलंच नाही! बंद केलं ते फक्त त्याचं खातं.
कारखान्याबाहेर गाठलं त्याला. "शेवटचं व्हतं गो. आणि शपथ हाय, विसरू नको. तिला काय झालं तर तुझ्यावर."

१५ जुलै
लॅबमध्ये दोनदा चुकीची बाटली उचलली. आई सकाळी खोकली. एवढंच. तरी दुपारी फोन करून विचारलं, बरी आहेस ना?

१६ जुलै
सांगितलं. आई पापड लाटत होती. लाटणं थांबलं नाही. शपथेचं सांगताना मात्र मला रडू फुटलं.
"शपथ माझीच ना? मग मीच सांगते, सुटली. मला काय व्हत नाय गो. कुठं दाबायचं ता दाखव."
पिठाचं बोट फोन घेईना. पदराला पुसून पुन्हा दाबलं. तिचं यूपीआय बंद. पापडांचे पैसे यापुढे रोख.
मग तिनेच दादाला फोन लावला. "मला समदं कळलंय. घरी ये."
त्याने फोन ठेवला नाही. मागे कारखान्यातला रंग फवारायचा कंप्रेसर ऐकू येत होता.